सहा रेघांचा ऊस

“ताईसायेब, पुलाला ताप आलाय. हात लावून बगा.”

सगुणाक्काचा हा आवाज सव्वीस वर्षांनंतरही माझ्या कानाशी तसाच ओला आहे. स्लॅब ओतून दुसरा दिवस होता. मी वाकून तळवा टेकवला, तर खरंच, पूल तापलेला. ओल्या सिमेंटला आतून ऊब येते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण त्याला ताप म्हणायचं असतं आणि तापलेल्याच्या उशाशी बसायचं असतं, हे कोणत्या पुस्तकात होतं? आक्का आणि तिच्या टोळीतल्या अकरा मजूर बाया एकवीस दिवस त्या पुलाच्या उशाशी बसल्या. गोणपाटं भिजवायची, पसरायची, सुकली की पुन्हा भिजवायची, आणि तोंडानं चालूच:

गोणपाटाचं दुपटं बाई ओलं गं करिते
सिमिटाच्या बाळाचा मी ताप उतरिते

मी तेव्हा चोवीस वर्षांची. पुण्याच्या ऑफिसात हा पूल माझ्या वाट्याला आला, कारण बाकीच्यांना नद्या हव्या होत्या. विमानाला रस्ता ओलांडायला पूल, हे ऐकून सगळे हसले होते. “विमान उडून नाही का जायचं पलीकडे?” असं हेडक्लार्कसुद्धा म्हणाले.

पण गोष्ट साधी होती. गवळदेवाच्या माळावर विमानतळ होत होता. धावपट्टी माळाच्या एका अंगाला, विमानांचा थांबा दुसऱ्या अंगाला, आणि दोहोंच्या मधून साखर कारखान्याकडे जाणारी उसाची वाट. उतरलेलं विमान रांगत रांगत थांब्यापर्यंत जातं, त्या रांगण्याच्या वाटेला टॅक्सीवे म्हणतात. ती नेमकी उसाच्या वाटेला आडवी. शेतकऱ्यांनी सांगितलं, वाट बंद होणार नाही. विमानवाल्यांनी सांगितलं, आमचीही नाही. मग उसाची वाट खाली खोल नेली आणि विमानाच्या वाटेला वर पूल घातला. खालून ऊस, वरून विमान. त्या पुलाची प्रत्येक रेघ माझ्या हातची. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी मला पहिल्यांदा साइटवर पाहिलं, तेव्हा एकानं विचारलं होतं, “इंजिनीअर मागनं येतायत का?”

“मागनं कशाला,” शिदूतात्या म्हणाले होते, “हीच की.”

शिदूतात्या खोत म्हणजे आमचे फोरमन. साठीला आलेले, मिशा पांढऱ्या, टोपी त्याहून पांढरी. एकतीस पूल उभे केलेला माणूस. एकतीस पुलांच्या कागदांत त्यांच्या नावापुढे एकही शेरा नाही, ही त्यांची एकुलती एक बढाई. लोक जमिनीची सांगतात, मुलांची सांगतात, तात्या चहा ओतता ओतता सांगायचे, “एकतीस पूल, ताईसायेब. शेऱ्याचा रकाना कोरा. माझ्या बापानं सदरा एवढा कोरा घातला न्हाय कदी.”

हा बत्तिसावा.

पूल बांधून झाला की त्याची परीक्षा. विमान यायच्या आधी विमानाएवढं आणि वर थोडं जास्त वजन पुलावर ठेवायचं, चोवीस तास तसंच ठेवायचं, आणि खाली पोटाला डायल गेज लावून बघायचं, की पूल किती वाकला आणि वजन काढल्यावर किती सरळ झाला. डायल गेज म्हणजे हातातल्या घड्याळाएवढं एक यंत्र. त्याची सुई मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला एक रेघ सरकते.

परीक्षा घ्यायला घैसास साहेब येणार होते. त्यांची एक तारीख गेली, तर पुढची तीन महिन्यांनी. आणि पहिलं विमान दीड महिन्यावर. एरवी वजनाला वाळूची पोती रचतात. पण त्या वर्षी नदी दिवाळी उलटली तरी उतरायला तयार नव्हती. वाळू पाण्याखाली. मी डोकं धरून बसले.

तात्यांनी खालच्या वाटेनं चाललेल्या उसाच्या ट्रॉल्यांकडे मिशी वळवली. “वजनच पायजे न्हवं? ह्यो काय चाललाय डोळ्यांपुढनं. कारखान्याच्या काट्यावर तोलून आणू. चिठ्ठी हाय, सही हाय, शिक्का हाय. वाळूला कोण शिक्का देतंय?”

मला हसू फुटलं, ते दोन दिवस थांबलं नाही. ज्या उसासाठी पूल झाला, तोच ऊस विमान होऊन पुलावर चढणार होता.

बारा ट्रॉल्या आल्या. सकाळी आठला, झेंडूच्या माळा घातलेल्या ट्रॅक्टरांमागून डुलत डुलत, हलगी वाजवत. वरची वाडी, खालची वाडी आणि मजुरांची वस्ती, तिन्हीकडची माणसं भरावावर जमली. मी खडूनं आखलेल्या चौकोनांत एकेक ट्रॉली उभी करवली, ट्रॅक्टर सोडवून खाली धाडले. बारा ट्रॉल्या, एकशेदहा टन. हिरव्या शेंड्यांचं ते बारा ट्रॉल्यांचं विमान पुलावर उभं राहिलं आणि वाऱ्यानं सळसळलं.

घैसास साहेब खाली, डायल गेजपाशी. उंच, वाळकुडे, भर उन्हात गळ्याला मफलर, हातात भिंग. बोलणं मोजून.

“हर्डीकर, वाचन.”

“चारशे एकवीस रेघा, साहेब.”

“तुमच्या गणितानं किती?”

“चारशे तीस.”

“हं,” ते म्हणाले. त्या एका ‘हं’वर मी दोन पावलं नाचले, तेही टाचेवर, त्यांना दिसू नये म्हणून.

दहाला चारशे एकवीस. बाराला चारशे एकवीस. उन्हानं पूल किती हलतो, हे आम्ही आधीचे तीन दिवस रिकाम्या पुलावर मोजून ठेवलं होतं. ते वजा केलं, की सुई जागची हलत नव्हती. उड्या मारायच्याच काय त्या बाकी होत्या. तात्यांनी मला बळेच पिठलं-भाकरी खायला बसवलं. “जेवा. पूल कुठं पळून जात न्हाय. त्येच्यावर बारा ट्रॉल्या हायेत.”

तीनला मी भिंग लावलं. चारशे अठरा.

पुन्हा लावलं. चारशे अठरा.

साडेतीनला चारशे पंधरा.

घैसास साहेबांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. “हर्डीकर, वजन असताना पूल खाली बसलेला मी पाहिलाय. वजन असताना वर उठणारा पूल आजवर पाहिला नाही. एक तर हे यंत्र खोटं, नाही तर वरचं वजन.”

“यंत्र चांगलं आहे, साहेब.”

“मग वर चला.”

वर गेलो. ट्रॉल्या बाराच्या बारा जागेवर. पण सकाळी त्या भरल्या अंगाच्या होत्या. आता त्यांच्या कुशी आत गेलेल्या. दोरांमधून हात जाईल अशा फटी. खाली पाचटाचा सडा. आणि भरावाच्या कडेनं, वाडीकडे जाणाऱ्या पायवाटेवर, हिरव्या पात्यांची एक लांबलचक रेघ सांडलेली.

त्या दिवशी तुळशीचं लग्न होतं.

आमच्या त्या मुलखात चालत्या ट्रॉलीतला ऊस ओढला, तर त्याला चोरी म्हणत नाहीत. ट्रॉलीवाला मागं वळूनही बघत नाही. वाटेचा वाटा वाटेला. त्यात तुळशीचं लग्न, तुळशीवर पाच उसांचा मांडव घालायचा, आणि बारा ट्रॉल्या दारात येऊन उभ्या. एकशेऐंशी घरं, पाच-पाच ऊस. नऊशे ऊस, दीड टनभर. मी मनात भागाकार केला. बरोबर सहा रेघा.

“ऊस कुणी काढला?” घैसास साहेबांनी विचारलं.

आक्का पाचट गोळा करायला वाकली. तिच्या अकरा बायाही वाकल्या. ज्यांच्या ट्रॉल्या होत्या, ते बापूराव सगरेही वाकले, कारण त्यांच्याही घरच्या पाच उसांचा मांडव त्यांच्याच ट्रॉलीतून गेला होता.

“म्या काढला,” शिदूतात्या म्हणाले.

“नऊशे ऊस?”

“व्हय.”

“एकट्यानं?”

“सवय हाय.”

घैसास साहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “खोत, काढला म्हणता, की काढू दिला?”

“काढू दिला. बाया इचारायला आल्या, म्या न्या म्हनलं. फोरमन म्या हाय. वजनाची राखण माजी.”

“उद्या हे कागदावर येईल. शेऱ्याच्या रकान्यात. तुमच्या नावासकट.”

“येऊ द्या,” तात्या म्हणाले आणि टोपी काढून झटकली. टोपीवर काहीच नव्हतं.

आता सांगायला हवं. बाया तात्यांकडे गेल्याच नव्हत्या. सकाळी साडेनऊला सगुणाक्का माझ्याकडे बघत, पदराआड हसत आली होती. “ताईसायेब, माज्या तुळशीला घेऊ का वो पाच?” आणि मी, सुई जागेवर आहे या आनंदात तरंगत असलेली मी, म्हणाले होते, “घ्या की, आक्का. पाच उसांनी काय होतंय?” तिनं शेजारणीला सांगितलं, ताई न्या म्हनल्या. शेजारणीनं वाडीला. दुपारपर्यंत ते वाक्य तिन्ही वस्त्या फिरून आलं.

आक्का माझ्याकडे बघत होती. सगळ्याच बघत होत्या. एकीनंही माझं नाव घेतलं नाही. घ्यायचं ते मीच होतं आणि मी ते घेतलं नाही. परीक्षेचं वजन डिझाइनरबाईंनीच वाटून टाकलं, हे पुण्याला कळलं असतं, तर मला पुन्हा कुणी पूल दिला नसता. मी तात्यांच्या टोपीकडे बघत राहिले.

“आता ऊस परत आणा,” घैसास साहेब म्हणाले.

“त्ये जमत न्हाय, सायेब,” आक्का पुढं आली. “मांडव उभा ऱ्हायलाय. नवरीच्या डोक्यावरचा मांडव लग्नाआदी काढत्यात व्हय? तुमच्या घरात काढतील?”

साहेबांनी भिंग खिशात टाकलं. “नाही काढणार.”

“मग?”

“लग्न किती वाजता आहे?”

“गोरजाला. पावणेसा.”

“माझं सहाचं वाचन आहे,” ते म्हणाले, आणि अडचणीत सापडलेल्या माणसासारखे मफलरशी खेळू लागले. खरंच बिचारे अडकले होते. इकडे यंत्र, तिकडे मुहूर्त.

“लग्नच इथं आणलं तर?” हे कोण बोललं, म्हणून मी वळून पाहिलं. मीच बोलले होते. “उसासकट, तुळशीसकट. लग्न इथं पुलावर लावू. अक्षता पडल्या की मांडव सोडायचा आणि ऊस ट्रॉलीत.”

“माणसांचं वजन?”

“घरटी एक बाई. एकशेऐंशी बायका, सरासरी पन्नास किलो, नऊ टन. पूल पेलेल, साहेब. चाळीसभर रेघा खाली जाईल आणि लग्न उतरलं की परत येईल.”

“पन्नास?” आक्का म्हणाली. “ह्या कोंडाबाईला बगून सांगा.”

“तू बग तुजं,” कोंडाबाई म्हणाली. “म्या दोन येळा चडते वाटल्यास.”

घैसास साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “हर्डीकर, लग्न उतरल्यावर सुई सकाळच्या जागी आली, तर त्याहून चांगला पुरावा मला नको. नाही आली, एक रेघ जरी मागं राहिली, तरी पूल नापास. तीन महिने. कबूल?”

“कबूल,” मी म्हणाले.

मग ती संध्याकाळ आली. सूर्य माळाच्या कडेला टेकला आणि तिन्ही वाटांनी नवऱ्या निघाल्या. कुंड्यांतल्या तुळशी, डालड्याच्या डब्यातल्या तुळशी, फुटक्या घागरीतल्या तुळशी. ज्यांची वृंदावनं बांधलेली, त्यांनी एकेक डहाळी तांब्यात आणली. प्रत्येक बाईच्या कडेवर तुळस, खांद्यावर पाच ऊस, कमरेला खोचलेला बाळकृष्ण. पुलाच्या तोंडाशी तात्या चढणारी प्रत्येक बाई मोजत होते. “एकशे बारा. एकशे तेरा. ए, पोर खाली ठेव. पोराचं वजन गणितात न्हाय.” पुरुष सगळे भरावावर, वरातीतल्या उपऱ्यांसारखे.

माझ्या हातात वॉकीटॉकी. खालून घैसास साहेबांचा आवाज आला, “चारशे अठ्ठावीस. येऊ द्यात. चारशे एकोणचाळीस. हळू, नाचवत नका आणू. चारशे पंचावन्न. हर्डीकर, झाल्या का सगळ्या?”

“एकशेऐंशी, साहेब.”

“थांबली सुई.”

टॅक्सीवेच्या त्या गुळगुळीत वाटेवर, जिथं उद्या विमानाची चाकं फिरणार, तिथं एकशेऐंशी हिरवे मांडव वाऱ्यावर डुलत उभे राहिले. आक्कानं सूर धरला:

पुलाच्या गं पाठीवरी तुळस नवरी उभी राही
खालून गाडी, वरून इमान, मदी माजं लगीन होई

पण भटजी नव्हते. ते बिचारे सायकलीवरून वाडीत लग्नं लावायला गेले होते आणि दारोदार फिरत होते. एकाही घरात नवरी सापडत नव्हती. भरावावरून कुणी तरी त्यांना हाका मारायला धावलं. इकडे उजेड पातळ होत चालला.

“काय खोळंबलंय?” खालून विचारणा झाली.

“भटजी नाहीत, साहेब. मंगलाष्टकं कुणाला येत नाहीत.”

वॉकीटॉकी नुसता खरखरला. मग घसा खाकरल्याचा आवाज. “मला येतात,” घैसास साहेब म्हणाले. “पण मी सुई सोडून वर येणार नाही.”

मी वॉकीटॉकी डोक्यावर उंच धरला. तात्यांनी आणि बापूरावांनी अंतरपाट म्हणून ओलं गोणपाट धरलं. आणि त्या डबीतून, पुलाच्या पोटाखालून, वाळकुड्या घैसास साहेबांचा असा काही भरदार आवाज आला, की भरावावरची गाढवंसुद्धा कान टवकारून उभी राहिली. “...कुर्यात् सदा मंगलम्. चारशे पंचावन्न. स्थिर.” दुसरं कडवं. “...शुभ मंगल सावधान. चारशे पंचावन्न.” बाया प्रत्येक आकड्यावर अक्षता टाकत होत्या. त्यांना वाटलं, शहराकडचा काही विधी असेल.

टाळ्या वाजल्या, हलगी कडाडली, आणि मला कळायच्या आत कोंडाबाईनं माझे हात धरून मला गरकन फिरवलं. फुगडी. बघता बघता चाळीस जोड्या. माळ फिरत होता, आभाळ फिरत होतं, तुळशी फिरत होत्या.

“हर्डीकर, सुई थरथरते आहे. वर काय चाललंय?”

“फुगडी, साहेब,” मी धापा टाकत म्हणाले.

“थांबवा.” मग जरा वेळानं, “नाही, चालू द्या. दर फेरीला तीन रेघा वर-खाली होतेय. फार सुरेख आहे. असं मी कधी पाहिलं नाही. जरा जोरात घ्या.”

मग मांडव सुटले. ऊस ट्रॉल्यांत परत गेले, दोर आवळले गेले. कोंडाबाईच्या पोरीनं अर्धा ऊस तोंडात धरला होता, तोही तिच्या आईनं काढून घेतला आणि ट्रॉलीत टाकला. बाया नवऱ्या घेऊन एकेक उतरल्या. शेवटी आक्का उतरली. मी पुलावर एकटीच, आणि नंतर मीही उतरले. खाली घैसास साहेब भिंग लावून वाकलेले. त्यांच्या वहीत वेळेच्या रकान्यात सतरा पंचावन्न आणि पुढं, स्वच्छ अक्षरात, ‘विवाह’.

“वाचा,” ते बाजूला सरकले. “माझ्यापेक्षा तुम्ही वाचा.”

माझे डोळे भरलेले, भिंग धुरकट. पदरानं पुसलं. चारशे एकवीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ट्रॅक्टर जोडले आणि एकेक ट्रॉली उतरवली. पूल सावकाश, आळोखेपिळोखे देत उठावा तसा उठत गेला. दुपारपर्यंत सुई शून्यापासून फक्त अकरा रेघांवर. पास. नियमानं चाळीस रेघा राहिल्या असत्या, तरी पास होता. भरावावर गुलाल उडाला, तात्यांच्या मिशा तांबड्या झाल्या, आणि आक्का पुलाच्या खांबावरून, दृष्ट काढावी तसे, हात फिरवून कानशिलावर बोटं मोडत होती.

साइटच्या पत्र्याच्या ऑफिसात घैसास साहेबांनी कागद पसरला. वजन, वाचन, निकाल, सगळं शाईच्या पेनानं लिहिलं. मग पेन शेऱ्याच्या रकान्यावर थांबलं. दारात शिदूतात्या उभे होते. टोपी नीट केलेली, हात बांधलेले, शाळेत छडीची वाट बघत उभं राहावं तसे.

“लिव्हा, सायेब,” ते म्हणाले. “शिदोबा आप्पा खोत, फोरमन. बाकी तुमी सजवून लिव्हा.”

बाहेर हलगी चालू होती. घैसास साहेबांनी पेनाचं टोक कागदाला टेकवलं. ‘खोत’मधला ‘ख’ उमटू लागला.

“साहेब, थांबा.”

ते थांबले. वर पाहिलं नाही.

“ऊस न्या, असं तात्यांनी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.”

“ताईसायेब, तुमी भाईर जाऊन गुलाल खेळा,” तात्या घाईघाईनं म्हणाले. “पोरगी दमलीय, सायेब. दोन दिस झोप न्हाय.”

“किती जणींना सांगितलंत?” घैसास साहेबांनी कागदाकडेच बघत विचारलं.

“एकीला.”

“आणि ती एकीच ऐकेल, असं वाटलं तुम्हाला? या माळावर?”

“हो.”

त्यांनी ‘ख’वर बारीक काट मारली आणि पेन माझ्या नावाच्या पहिल्या अक्षरावर आणलं. तात्यांनी सुस्कारा टाकला. इथवर आले होते, तर उरलेलंही सांगून टाकावं, असं मला वाटलं. इतकं हलकं वाटत होतं, की जीभ आवरेना.

“आणखी एक, साहेब. पहिला ऊस आक्कानं नाही ओढला. मी ओढला. सव्वानऊला, चार नंबरच्या ट्रॉलीतून. आक्कानं मला पाहिलं, म्हणून तर ती विचारायला आली. आणि तो तुळशीसाठी नव्हता.” मी खाली मान घातली. “मी तो खाल्ला.”